कोरड्या बर्फानं हळद वाळत नाही

‘शिजवलेली हळद खोलीत पसरा, दारं-खिडक्या लावा, कोपऱ्यात कोरडा बर्फ ठेवा. कार्बन डायऑक्साइडमुळे हळद तीन दिवसांत वाळते, बुरशी धरत नाही, रंग उजळतो, वर्षभर कीड लागत नाही.’ वसमत भागातल्या हळदीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. कोरडा बर्फ म्हणजे गोठवून घट्ट केलेला कार्बन डायऑक्साइड, इंग्रजीत ‘ड्राय आइस’. परदेशात गांजाची फुलं अशीच वाळवतात, असा दाखलाही त्याला जोडलाय. ज्याचं वाळवण एकदा अवकाळीत भिजलंय, त्याला हे वाचून घरातली खोली रिकामी करावीशी वाटणारच. मलाही वाटलं होतं. म्हणूनच एकेक दावा नीट तपासायला बसलो.

आधी ते तीन दिवस. वाळणं म्हणजे पाणी बाहेर पडणं. १०० किलो ओल्या हळदीतून साधारण २० ते २५ किलो वाळलेली हळकुंडं हाती येतात. म्हणजे ७५ किलोच्या आसपास पाणी हवेनं उचलून न्यायचं असतं. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत २८ घनमीटर हवा मावते. ३० अंशांना ती हवा ओलीचिंब झाली, तरी तिच्यात किलोभर वाफसुद्धा राहत नाही. कार्बन डायऑक्साइड भरून ही मर्यादा वाढत नाही, कारण तो वायू पाणी शोषत नाही. त्या बर्फाला ‘कोरडा’ म्हणतात ते तो वितळून पाणी न होता थेट वायू होतो म्हणून. तो असतो उणे ७८ अंशांचा. त्यानं खोली गार पडते, गार हवेत ओल आणखी कमी मावते आणि भिंतींना घाम फुटतो. बाहेर मार्चचं ऊन आणि वारा फुकट मिळत असताना आपण दार लावून पाणी आत कोंडायचं, तेही पैसे मोजून!

गांजाचा दाखला इथं लागूच पडत नाही. त्या फुलांचा वास उडू नये म्हणून ती थंडाव्यात वाळवतात. आपण हळद आधीच पाऊण-एक तास शिजवतो.

रंगाचं थोडक्यात सांगतो. रंग कुरकुमिनचा, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचा. तो वाणावर, कंद किती पक्व झालाय त्यावर आणि शिजणं सारखं झालं का यावर ठरतो. फार पातळ पसरली तर उन्हानं फिकट पडते, म्हणून थर ५ ते ७ सेंटिमीटरचा ठेवतात.

बुरशी आणि कीड या दाव्यांत मात्र तथ्य आहे, आणि ते आपल्या आजोबांनाही ठाऊक होतं. पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, धान्य भरून तोंड लिंपलं की आतला प्राणवायू संपत जायचा, कार्बन डायऑक्साइड साठायचा आणि किडे मरायचे. सांगलीजवळच्या हरिपुरात तर हळदच पेवांत ठेवत. पण पेवात जायचा तो वाळलेला माल. ओल १० टक्क्यांवर आली, हळकुंड मोडताना खणकन आवाज आला, की मग हवाबंद पिशवीचा उपयोग. ओल्या हळदीवर हा वायू सोडला तर बुरशी काही काळ मंदावेल, पण दार उघडून हवा आत आली की पुन्हा धरेल, कारण ओल तिथंच आहे.

पेवाची दुसरी आठवणही जुन्या माणसांना आहे. आत उतरण्याआधी कंदील सोडून बघत. तो विझला तर माणूस उतरत नसे. मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे. १ किलो कोरड्या बर्फातून अर्ध्या घनमीटरहून जास्त वायू निघतो. त्या बंद खोलीत १० किलो ठेवला तर हवेतलं त्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या पुढं जाऊ शकतं. १० टक्क्यांवरच काही मिनिटांत माणसाची शुद्ध हरपते. त्याला वास नाही, रंग नाही, आणि हवेपेक्षा जड असल्यानं तो खालीच साचतो. हळद हलवायला वाकणारी बाई आणि तिच्याभोवती खेळणारं लेकरू नेमकं त्याच थरात श्वास घेतं.

कुणी बर्फ आणलाच असेल, तर तो उघड्या अंगणात, लेकरं-जनावरं फिरकणार नाहीत अशा जागी उडून जाऊ द्या. उघड्या हातानं उचलू नका, कातडी भाजल्यासारखी होते. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरू नका, कॅन फुटतो. आणि खोलीत ठेवला असेल, तर दारं-खिडक्या बाहेरूनच सताड उघडा, चांगला वारा खेळू द्या आणि मगच आत पाय टाका.