मालवणला नेलेल्या पिवळ्या दोराबद्दल

नमस्कार भाऊ,

आमच्या दुकानाला एक स्टार दिलात आणि लिहिलंत की समुद्रात दुसऱ्याची कयाक (वल्ह्यानं चालवायची छोटी अरुंद होडी) ओढायला मजबूत नायलॉन मागितला तर "गुरं बांधायचा" पिवळा दोर गळ्यात मारला, 15 मीटर कापून बिल फुगवलं, कमरेला बांधायला फासही करून दिला नाही. वर "धुळ्यात बसून यांना समुद्रातल्या कयाकचं काय कळणार" असा टोलाही हाणलात. पांझरेला पूर आला तरच आम्हाला लाटा दिसतात, खरं आहे. पण दोर कळतो.

गल्ल्याजवळच्या बादलीत मी दोन्ही तुकडे टाकून दाखवले होते. नायलॉन बुडबुडे सोडत तळाला गेला, पिवळा वर राहिला. पिवळा पॉलिप्रोपिलीनचा, घनता 0.91, नायलॉनची 1.14. दुसऱ्याची कयाक ओढताना दोर मधेच सैल पडतो. तेव्हा तो बुडाला तर खडकात नाहीतर कयाकच्या सुकाणूत गुंततो, आणि हातातून सुटला तर गेलाच. विहिरीतली मोटर ओढायची असती तर नायलॉन मीच दिला असता. नायलॉन ताणतो, झटका सोसतो, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण त्यासाठी दोराला हातभर बंजी, म्हणजे ताणणारी रबरी दोरी, जोडली की भागतं.

लांबीचं म्हणाल, तर लाट मागून आली की ओढली जाणारी कयाक तिच्यावरून घसरत पुढे येते. दोर आखूड असला तर तिचं नाक तुमच्या पाठीत. म्हणून 15 मीटरच्या आसपास. पाणी शांत असेल तेव्हा अर्धा गुंडाळून ठेवा.

फास मात्र पुन्हा आलात तरी करून देणार नाही. कयाक उलटली, दोराला ताण असला, की ओली गाठ पाण्याखाली सुटत नाही. एका झटक्यात सुटणाऱ्या बकलचा पट्टा यासाठीच असतो. आमच्याकडे तो मिळत नाही, ऑनलाइन मागवा. याच कारणावरून एक स्टार असेल तर खुशाल राहू द्या.

गाठ सरकते म्हणून तुम्ही टाकलेल्या फोटोत साधी एकेरी गाठ दिसते. हा दोर गुळगुळीत, त्यावर ती टिकायची नाही. आठाची गाठ दुहेरी मारा, शेपूट वीतभर ठेवा. टोकाचा लोखंडी हूक खाऱ्या पाण्यात गंजेल; स्टेनलेसचा कॅराबिनर (झडप असलेली कडी) लावा आणि त्याच्या वजनानं टोक बुडू नये म्हणून मागे छोटा फ्लोट. घरी आलात की गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. उन्हानं हा दोर ठिसूळ होतो, आणि आपल्याकडचं ऊन तुम्हाला मी काय सांगू!

कापलेला माल परत घेत नाही, बिलावर तसं छापलेलं आहे. गाठ मात्र फुकट मारून देतो. दोर घेऊन या. सोमवारी दुकान बंद असतं.