बुरशी आणि जिवाणूंचे ‘एकास एक’ प्रमाण हे जमिनीच्या आरोग्याचे माप नाही

निरोगी शेतजमिनीत बुरशी आणि जिवाणूंचे प्रमाण एकास एक असलेच पाहिजे, रासायनिक खतांनी बुरशी मेल्यामुळे ते बिघडले आणि बुरशीच्या द्रावणाची आळवणी केली, म्हणजे ते मुळांजवळ ओतले, की ते सुधारते, असा संदेश शेतकऱ्यांमध्ये फिरतो आहे. त्यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण त्यावर विसंबून पैसे खर्च होतात.

एकास एक हा आकडाच मुळात निराधार आहे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे शंभरहून अधिक वर्षे बार्ली घेतलेल्या एका पट्ट्यात अवघ्या १८० मीटरमध्ये सामू (पीएच; तो जितका कमी तितकी माती आम्ल) ८.३ पासून ४ पर्यंत उतरतो. तेथील २००९ च्या अभ्यासात, सामू ८.३ वरून ४.५ पर्यंत येताना, वाढीच्या वेगावरून मोजलेले बुरशीचे जिवाणूंच्या तुलनेतील प्रमाण सुमारे तीसपट वाढलेले दिसले. त्याच मातीत जैवभार (जिवंत सूक्ष्मजीवांचे एकूण वस्तुमान) मोजला तेव्हा मात्र फरक दोन ते तीनपटच निघाला. म्हणजे हा आकडा सामूवर अवलंबून असतो आणि मोजण्याच्या पद्धतीवरही. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत, जिथे सामू बहुधा आठच्या आसपास असतो, जिवाणूंचे वर्चस्व स्वाभाविक आहे. त्याला आजार म्हणणे चूक आहे.

खतांविषयीचे विधान अर्धसत्य आहे. ६४ दीर्घकालीन प्रयोगांच्या २०१४ मधील एकत्रित अभ्यासात, खत न दिलेल्या जमिनीच्या तुलनेत रासायनिक खत दिलेल्या जमिनीतील सूक्ष्मजीवांचा जैवभार सरासरी १५ टक्के अधिक आढळला. घट दिसली ती प्रामुख्याने खतांमुळे सामू पाचच्या खाली गेला तिथे. स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) अतिरेकाने मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी कमी होते आणि वारंवार नांगरटीने बुरशीचे तंतू तुटतात, हे मात्र खरे आहे व ते गांभीर्यानेच घ्यावे.

शिवाय बुरशी वाढली म्हणजे हितकारक बुरशीच वाढली असे होत नाही. तुरीचा आणि हरभऱ्याचा मर रोग फ्युजेरियम बुरशीमुळेच होतो, तर त्याच पिकांच्या मुळांवरील गाठींत नत्र स्थिर करणारे रायझोबियम हे जिवाणू आहेत.

राहिली आळवणी. मर रोगाविरुद्ध ट्रायकोडर्मा या हितकारक बुरशीची बीजप्रक्रिया उपयुक्त आहे, पण पुरेसा सेंद्रिय कर्ब नसलेल्या जमिनीत बाहेरून सोडलेल्या बुरशीला टिकायला अन्नच मिळत नाही. उसाचे पाचट (वाळलेली पाने) न जाळता खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसात, ठेवले तर ते अन्न शेतातच तयार होते. मायकोरायझाचे द्रावण घेताना पीकही पाहावे: कोबी, फुलकोबी आणि मोहरी यांच्या मुळांशी ही बुरशी सहजीवन करीत नाही.