कानबाई देवीच्या मिरवणुकीतल्या व्हिडिओबद्दल खुलासा

‘ढोलाच्या आवाजाने बहिऱ्या मुलाला ऐकू आलं, शेजारच्या पोरांच्या अंगात वारं आलं,’ असा मेसेज जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरतोय. व्हिडिओतला मुलगा माझा भाचा आहे आणि मी त्याच्याजवळच उभी होते.

त्याला ऐकू आलेलं नाही. तो जन्मापासून बधिर आहे. त्याचा तळहात ढोलाच्या कडेला टेकलेला नीट बघा. कातड्याचा थरकाप त्याला हातातून, छातीतून, अनवाणी पायांतून कळतो. ठेका तो त्यावरच धरतो. लहानपणापासून असाच नाचतो तो, आणि अख्ख्या गल्लीत त्याच्याइतका ठेक्यात कोणी नाही!

पोरांच्या अंगात वारंही आलेलं नाही. ते त्याचे शाळेतले मित्र, तेही बधिरच. दोन्ही हात वर करून पंजे हलवणं ही सांकेतिक भाषेतली टाळी. 1924 साली पॅरिसला सुरू झालेल्या बधिरांच्या जागतिक स्पर्धांत, म्हणजे डेफलिंपिक्समध्येही, प्रेक्षक अशीच दाद देतात.

काल दोन आया आपली मुलं घेऊन ‘तोच ढोल कुठंय’ विचारत दारात आल्या. त्यांना परत पाठवताना फार जड गेलं. कृपा करून तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.