पंधरा हजारांचा सीएनसी राउटर: बचत चुकीच्या जागी

सुतारकामाच्या आणि मशीनची हौस असणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'थ्री-डी प्रिंटरच्या मोटरी, ८ एमएमचे रॉड, साधा थ्रेडेड रॉड, ७७५ मोटर आणि अर्डुइनो घ्या. १५ हजारांत दोन बाय दोन फुटांचा सीएनसी राउटर तयार. १८ एमएम प्लाय लोण्यासारखा कापतो, सॉफ्टवेअर फुकट, फ्लॅटमध्येही चालतो.' सीएनसी राउटर म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने फिरता कटर सरकवून लाकूड कापणारं मशीन; यादीतली ७७५ ही कटर फिरवणारी छोटी मोटर आणि अर्डुइनो हा मोटरींना हुकूम देणारा बोर्ड. कमी पैशांत घरी राउटर बनतो आणि बनवावा, असं माझं ठाम मत आहे. पण या यादीबरहुकूम सामान आणणाऱ्याचे पैसे पाण्यात जातील.

आधी रॉड. कटर आणि त्याची मोटर यांच्यावरूनच सरकतात. दोन फूट, म्हणजे ६०० एमएम अंतरावर ८ एमएमचे दोन स्टील रॉड नुसते टेकवले आणि मधोमध दोन किलो वजन ठेवलं, तर मध्ये साधारण एक एमएम झोल येतो. हा फक्त वजनाचा झोल झाला; कटर लाकडाला भिडल्यावरचा जोर वेगळाच. व्यास दुप्पट केला की झोल सोळापट कमी होतो, लांबी निम्मी केली की आठपट. त्यामुळे पैसे कमी असतील तर मशीन लहान करा, रॉड बारीक करू नका. एक बाय एक फुटाच्या बेडवर, म्हणजे लाकूड ठेवायच्या पाटावर, नेमप्लेट आणि देव्हाऱ्याची जाळी आरामात बसते.

साधा थ्रेडेड रॉड चालेल, हा दावा तर आकडेमोडीतच पडतो. हा आट्यांचा रॉड मोटर फिरवते आणि त्यावरचा नट कटरला पुढे नेतो. एम८, म्हणजे ८ एमएमचा रॉड एका फेऱ्यात १.२५ एमएम सरकवतो. अर्डुइनो उनो या बोर्डावर चालणारं जीआरबीएल हे फुकट सॉफ्टवेअर मोटरला सेकंदाला जास्तीत जास्त ३०,००० स्टेप, म्हणजे पाऊल टाकायचे हुकूम, देतं. १/१६ मायक्रोस्टेपिंगला, म्हणजे मोटरच्या एका पावलाचे सोळा तुकडे केले की, एका फेऱ्याच्या ३,२०० स्टेप होतात, म्हणजे मिनिटाला ७०० एमएमच्या आसपास गाडी अडते. त्याच्या आधीच छोटी मोटर स्टेप सोडू लागते, आणि सोडलेली स्टेप मशीनला कळत नाही. ते चुकीच्या जागी कापत राहतं. एका फेऱ्यात ८ एमएम सरकवणारा टी८ लीडस्क्रू घ्या, सोबत प्ले, म्हणजे नटातली ढिलाई, काढणारा स्प्रिंगचा नट.

वेग एवढा महत्त्वाचा का? कटरने भुसा नाही, छिलका काढायला हवा. मिनिटाला १०,००० फेरे (आरपीएम), दोन धारांचा कटर आणि मिनिटाला ३०० एमएम सरक धरली, तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०१५ एमएम लाकूड येतं. एवढ्यात धार कापत नाही, घासते. लाकूड काळं पडतं, कटर जळतो, पेटण्याचीही भीती असते. सरक वाढवावी तर ७७५ मोटर दम सोडते. ती प्लास्टिकवर किंवा मऊ लाकडावर नक्षी कोरायला ठीक. प्लायसाठी सुताराचा ट्रिमर, म्हणजे कडा छाटायचं हातातलं विजेचं यंत्र, बसवा आणि १८ एमएम एका दमात न कापता दीड-दोन एमएमच्या थरांनी उतरा.

सॉफ्टवेअर फुकट आहे, हे मात्र खरं.

मुंबईत बहुतेकजण आधी लॅमिंग्टन रोडला जातात, बोर्ड आणि मोटरींना वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरवर खर्च करतात आणि उरलेल्या पैशांत नागदेवी स्ट्रीटवर रॉड-बेअरिंग भागवतात. क्रम उलटा हवा. बोर्ड नंतर बदलता येतो, वाकणारा सांगाडा नाही. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा चोथा दाबून केलेल्या फळीचा, सांगाडा तर इथल्या पावसाळ्यात फुगतो आणि काटकोन जातो. बेडचे दोन्ही कर्ण मोजून बघा, सारखे नसले की लगेच कळेल.

राहिला फ्लॅट. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ट्रिमर तिच्या कितीतरी वर ओरडतो. त्याहून मला काळजी धुळीची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ आणि फॉर्मल्डिहाइड, दोन्ही कर्करोगकारक ठरवली आहेत, आणि प्लाय-एमडीएफच्या चिकटद्रव्यात बहुधा फॉर्मल्डिहाइड असतं. घरात लहान मूल किंवा दम्याचा माणूस असेल तर हे मशीन तिथे नकोच. ओळखीच्या सुताराच्या गाळ्यात कोपरा मागा, कटरपाशी व्हॅक्यूमचा पाइप लावा, आणि ट्रिमरचीही वीज तोडणारं लाल बटण हाताशी ठेवा. त्या मेसेजच्या यादीत हे बटणसुद्धा नाही.