छडी काढून घेतलीत, हातात दिलंत काय?

सर, नमस्कार.

शिक्षकांना मारहाणीविना शिस्तीचं प्रशिक्षण द्यावं, या आमच्या लेखावर तुम्ही मोकळेपणाने टीका केलीत. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एकेका वर्गात साठ साठ पोरं, त्यात निम्म्यांच्या घरी तेलुगू नाहीतर कन्नड. पालक स्वतः येऊन सांगतात, "सर, हाणा त्याला, आमचं काही म्हणणं नाही." प्रशिक्षण म्हणजे दोन दिवस पडद्यावरची चित्रं, चहा-नाश्ता आणि प्रमाणपत्र. तुम्ही स्वतः मार खाऊन शिकलात, बिघडलं काही नाही. आणि शेवटी तुमचा प्रश्न: "छडी काढून घेतलीत, हातात दिलंत काय?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. मनाई आली, पण तिच्या जागी काय करायचं याचा सराव फारसा कुणी करून घेतला नाही. मागावर तुटलेला धागा कसा जोडायचा हे फळ्यावर लिहून कुणाला येत नाही, मागापाशी उभं राहून हात बसवावा लागतो. वर्ग सांभाळण्याचंही तसंच आहे. ज्याचा हात बसलेला नाही, तो वैतागला की जुन्या सवयीवरच जाणार.

म्हणून प्रशिक्षणात व्याख्यानाचा वेळ एक तृतीयांशाच्या वर जाता कामा नये. उरलेल्या वेळात तिघातिघांचे गट करायचे: एक शिक्षक, एक खोडी काढणारा विद्यार्थी, एक निरीक्षक. प्रसंग रोजचाच घ्यायचा. उदाहरणार्थ, व्यंकटेश पुढच्या मुलाच्या दप्तराचा पट्टा ओढतोय, दोनदा सांगून झालंय. चार मिनिटं प्रसंग, दोन मिनिटं निरीक्षकाचं बोलणं आणि लगेच तोच प्रसंग पुन्हा. ही दुसरी फेरी वेळ नाही म्हणून बहुतेक ठिकाणी गाळतात, आणि खरं शिकणं नेमकं तिथंच असतं. निरीक्षकाने "छान केलंत" म्हणायचं नाही. सूचना किती शब्दांची होती, सूचनेनंतर शिक्षक किती सेकंद थांबला आणि आवाज चढला की उतरला, एवढंच टिपायचं.

त्यातलं थांबणं जरा जवळून बघू. "व्यंकटेश, पट्टा सोड, पुस्तक उघड." पाच शब्द झाले. आता मनात दहापर्यंत मोजायचं, त्याच्याकडे रोखून न बघता. आपण सहसा दोन सेकंदही थांबत नाही. लगेच "ऐकू येत नाही का? रोजचंच तुझं!" सुरू होतं. पोराचा हात पट्ट्यावरून निघायच्या बेतात असतो, तेवढ्यात सगळा वर्ग वळून बघतो आणि मग पट्टा सोडणं म्हणजे त्याच्यासाठी हार ठरते. दहा सेकंद मोजून बघा, फार लांब वाटतात. म्हणूनच त्यांचा सराव करावा लागतो.

प्रशिक्षणानंतर पंधरा दिवसांच्या आत कुणीतरी त्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसून एक तास बघितला पाहिजे, आणि असं पुन्हा पुन्हा व्हायला हवं. ज्याच्या हातात गोपनीय अहवाल आहे त्याने हे काम करू नये, कारण त्याच्यासमोर दिखाऊ तास होतो. केंद्रातल्याच शेजारच्या शाळेतल्या दोन शिक्षकांची जोडी लावावी. जमैकातल्या ७६ बालवाड्यांत असा प्रयोग झाला. तिथे पाच दिवस कार्यशाळा होत्याच, पण त्यांच्या जोडीला शिक्षकांना प्रत्यक्ष वर्गात तासभराची आठ सत्रं मिळाली. मारहाण बरीच कमी झाली, शून्यावर मात्र आली नाही. युगांडातल्या लुवेरो जिल्ह्यात ४२ प्राथमिक शाळांत मारहाण थांबवण्यासाठी दीड वर्ष काम झालं, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. गेल्या आठवड्यात शाळेतल्या माणसाने मारलं, असं सांगणारी मुलं काम न झालेल्या शाळांत सुमारे ४९ टक्के होती, काम झालेल्या शाळांत ३१ टक्के. एकतीस म्हणजेही पुष्कळ. हे काम दोन दिवसांत होतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, यात आम्ही तुमच्याच बाजूचे.

साठ मुलांचं. पहिली ते पाचवीत साठ पटापर्यंत दोन शिक्षक, हे कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेलं आहे. साठांचा वर्ग एकाच्या गळ्यात मारायचा आणि मग त्याला प्रेमळपणावर प्रशिक्षण द्यायचं, हा शिक्षकावर अन्याय आहे आणि शाळा व्यवस्थापन समितीने तो लेखी मांडावा. पण तोवर वर्ग चालवायचाच आहे, आणि मोठ्या वर्गात भांडणं कुठे सुरू होतात हे बघितलं तर निम्मं काम हलकं होतं. पहिली जागा म्हणजे वही तपासणी. शिक्षक खुर्चीत, टेबलाभोवती पंचवीस पोरं वह्या घेऊन, प्रत्येकाला आधी पुढे यायचंय. धक्का लागतो, वही पडते, कुणीतरी कुणाला ढोसतं, आणि मग तपासणी बाजूला राहून छडी निघते. टेबलाभोवतीची ती गर्दीच होऊ द्यायची नाही. मुलं जागेवर लिहीत असताना शिक्षकाने रांगांमधून फिरत एका तासाला दहा-बारा वह्या बघायच्या, बाकीच्या गटप्रमुखांनी गोळा करून ठेवायच्या. त्यासाठी रांगांतून वाट हवी, दप्तरं भिंतीकडे हवीत. शिक्षक पाच-सात सेकंदांत कुठल्याही मुलापाशी पोचू शकला की निम्म्या खोड्या तो नुसता जवळ येऊन उभा राहण्यानेच थांबतात.

दुसरी जागा खिचडीनंतरची दहा मिनिटं. तिसरी, मार्चपासूनच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास. पत्र्याची खोली तापलेली असते, तेव्हा त्या तासाला श्रुतलेखन ठेवू नका.

भाषेचा मुद्दा तुम्ही अडचण म्हणून मांडलात. आम्हाला त्यात उपायही दिसतो. सोलापूरच्या पूर्व भागात पहिलीत आलेलं पोर "जागेवर बस" ऐकून उभंच राहतं, तेव्हा ते बहुतेक वेळा उद्धट नसतं, त्याला कळलेलंच नसतं. दुसऱ्यांदा आवाज चढतो, आता ते घाबरतं, आणि घाबरलेल्या पोराला येत असलेली मराठीही आठवत नाही. दहा-बारा शब्द शिका: तेलुगूत कूर्चो म्हणजे बस, आगु म्हणजे थांब, विनु म्हणजे ऐक. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नडमधलं कुतको, निल्लु, केळु. तोंडाने त्याची भाषा, लगोलग मराठी आणि सोबत हाताची खूण. दिवाळीपर्यंत नुसत्या मराठीवर येता येतं. सीझनला आईबापांसोबत ऊसतोडीला जाऊन मध्येच परत आलेल्या मुलांचंही असंच. वर्गाचे नियम त्यांच्या गैरहजेरीत ठरलेले असतात, ते त्यांना वेगळे करून दाखवावे लागतात.

आता हे सगळं कुठे फसतं ते सांगतो. लक्ष वेधण्यासाठी बाक वाजवणाऱ्या पोराकडे तुम्ही दुर्लक्ष करायचं ठरवता. पहिले चार-पाच दिवस बाक आणखी जोरात वाजतो, कारण रोज मिळणारं मिळेनासं झालेलं असतं. याच टप्प्यावर शिक्षक म्हणतात, बघा, ही पद्धत चालत नाही, आणि सहाव्या दिवशी ओरडतात. पोर यातून एवढंच शिकतं की पुरेसा जोर लावला की सर बघतात. म्हणून दुर्लक्ष करायचं तर शेवटपर्यंत, आणि बाक शांत असेल त्या मिनिटाला त्याच्याकडे जाऊन चार शब्द बोलायचे. ज्यात कुणाला लागतंय तिथे मात्र दुर्लक्ष अजिबात नाही. तिथे मध्ये उभं राहून दोघांना वेगळं करायचं, मारणाऱ्याचा हात धरून अडवणं ही शिक्षा नव्हे. न्यायनिवाडा अर्ध्या तासाने, दोघं निवल्यावर.

दुसरी चूक आम्हाला जास्त सलते. छडी जाते आणि टोमणे येतात. "तुझ्या बापाने तरी शाळा बघितली होती का?" अंगावर वळ नाही, म्हणून ही शिस्त अहिंसक ठरत नाही. कलम १७ मध्ये मानसिक छळ हे शब्द यासाठीच आहेत.

मार दिला की दुसऱ्या दिवशी पोर नीट वागतं, हा तुमचा अनुभव खोटा नाही. पण कोणाचंही वागणं रोज सारखं नसतं. मार बसतो तो त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी. दुसरा दिवस तसाही त्याहून बराच जातो, आणि श्रेय छडीला मिळतं. शाबासकी मिळते सगळ्यात चांगल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी तो थोडा घसरतो, आणि आपण म्हणतो कौतुकाने शेफारला. एका दिवसावरून निकाल लावला तर छडी कायम जिंकणार. महिनाभर रोज नोंद ठेवली तरच खरं काय ते कळतं.

मार खाऊन तुम्ही शिकलात, हे खरंच. पण तुमच्याच बाकावरची जी मुलं माराच्या भीतीने सहावी-सातवीत शाळेला येईनाशी झाली, त्यांचं म्हणणं या चर्चेत येत नाही. तेही मोजायला हवं.

पालक "हाणा" म्हणतात तेव्हा त्यांना कायदा ऐकवू नका. त्यांना म्हणायचं असतं, आमचं पोर वाया जाऊ देऊ नका. उत्तर त्यालाच द्या: "मी त्याला सोडणार नाही. रोज संध्याकाळी त्याला एकच विचारा, आज सरांनी कशाबद्दल शाबास म्हटलं?" आणि पालकसभा अकराला ठेवू नका. विड्या वळणाऱ्या आया त्या वेळी माल द्यायला गेलेल्या किंवा कामात असतात. रात्री आठला वस्तीतच बसलात तर बाप्येही येतील.

सुरुवात लहान करा. सगळी शिस्त नको, एकच वागणं निवडा, समजा तास बदलताना जागेवर राहणं. उजव्या खिशात दहा चिंचोके ठेवा. कुणी जागेवर दिसलं की नाव घेऊन नेमकं सांगा, "रेश्मा, पुस्तक काढून बसलीस, छान," आणि एक चिंचोका डाव्या खिशात. मधल्या सुट्टीपर्यंत दहाही सरकले पाहिजेत. सोबत वहीत रोज दोन आकडे लिहा: किती चिंचोके सरकले आणि तास बदलल्यावर वर्ग शांत व्हायला किती मिनिटं लागली. दहा दिवस आकडे फारसे हलणार नाहीत, तिकडे लक्ष देऊ नका. वीस शाळेचे दिवस झाले की दोन्ही ओळी कळवा, वाईट असल्या तरी. मग कुठे अडलं ते आपण त्या आकड्यांवरून बघू.