धंदा करायचाय? आधी घराची कागदपत्रं काढा

धंदा काढायचाय ना, मग लेथ आणि व्हीएमसी या मशिनांचं नंतर बघू, पहिलं सांगा घर कोणाच्या नावावर आहे. वडिलांच्या असेल तर उत्तम, कारण बँकेत तुमचा प्रोजेक्ट रिपोर्ट बघून साहेब मान डोलावतील, चहा पण सांगतील, पण वाचतील फक्त इंडेक्स टू, म्हणजे घराच्या खरेदीखताच्या नोंदीचा उतारा. आता तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल की लघुउद्योगांकडून 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका असं रिझर्व्ह बँकेने 2010 सालीच बजावलंय, शिवाय 2015 पासून मुद्रा कर्ज योजना आहे, त्यात शिशु, किशोर, तरुण असे गट आहेत (बालवाडीत नाव घालतोय असं वाटतं). हे सगळं खरंय, फक्त साहेबांसमोर बोलून दाखवू नका, जास्त माहिती असलेला कस्टमर कोणालाच आवडत नाही. तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न आणा म्हणतील, धंद्याला सहा महिने झाले असले तरी म्हणतील. हो म्हणायचं आणि निघायचं.

मग पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या मोठ्या कंपनीचा वेंडर कोड, म्हणजे माल पुरवणारा म्हणून नोंद, मिळवा, पेढे वाटा, स्टेटस ठेवा. पीओवर, म्हणजे त्यांच्या ऑर्डरच्या कागदावर, 45 दिवसांत पेमेंट असं लिहिलेलं असतं, त्याला हसू नका. ते 45 दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे नसतात, जीआरएन (माल मिळाल्याची कंपनीची नोंद) झाल्यापासून मोजायचे असतात, आणि जीआरएन कधी होणार तर क्वालिटीवाल्याने माल पास केल्यावर, आणि क्वालिटीवाला गावी गेलाय, जत्रा आहे. आला की चार पीस रिजेक्ट करून डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याचा कागद) पाठवेल, की परत पहिल्यापासून मोजा. इकडे पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला जीएसटी मात्र भरायचाच, कंपनीने एक रुपया दिला नसला तरी. म्हणजे बघा, तुम्ही सरकारला आगाऊ पैसे दिले, शेकडो कोटींच्या कंपनीला बिनव्याजी उधारी दिली आणि स्वतः सीसीवर (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर) व्याज भरताय. एवढी मोठी फायनान्स कंपनी चालवताय, सोयरिकीत सांगत जा की.

अजून गंमत पुढे आहे. बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट (माल आणि येण्यांचा हिशेब) द्यायचं, त्यात साधारण 90 दिवसांच्या वरची येणी धरत नाहीत, ड्रॉइंग पॉवर, म्हणजे सीसीतून उचलता येणारी रक्कम, तेवढी कमी. कंपनीने पैसे लटकवले म्हणून तुम्हाला पैसे हवेत आणि कंपनीने पैसे लटकवले म्हणूनच बँक हात आखडता घेते, हे ज्याने बसवलं त्याला एकदा चहा पाजायचाय मला.

कायदा आहे, नाही असं नाही. 2006 चा एमएसएमई (लघुउद्योगांचा) कायदा सांगतो की 45 दिवस उलटले की खरेदीदाराने बँक रेटच्या तिप्पट व्याज द्यायचं, तेही दरमहा चक्रवाढ. रात्री झोप येत नसेल तर हे कलम वाचा, बरं वाटतं. थकलेल्या पेमेंटच्या तक्रारींसाठी 2017 साली सरकारचं समाधान पोर्टल पण आलं, बिनधास्त तक्रार करा, फक्त पुढचा पीओ नको असेल तेव्हाच करा. नंतर इन्कम टॅक्समध्ये 43बी(एच) हे कलम आलं, लहान उद्योगाचं पेमेंट मुदतीत केलं नाही तर खरेदीदाराला पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजा मिळत नाही. मग परचेसवाल्यांचा फोन येऊ शकतो, आवाज एकदम साखर, ‘तुमचं ते उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद) असायलाच पाहिजे का हो?’ बिल ट्रेड्सवर (बिलं वटवायच्या ऑनलाइन बाजारावर) टाकून लगेच पैसे उचलता येतात म्हणे, 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केलीय. नोंदणी सक्तीची केलीय हां, तुमचं बिल तिथे ॲक्सेप्ट करणं नाही.

तर 7 तारखेला पोरांचे पगार कशातून करायचे? भिशीतून. दरमहा सगळे पैसे जमा करतात, जो सगळ्यात कमी रकमेला तयार तो उचलतो आणि उरलेला फरक सगळ्यांत वाटतात. 2 लाखांची भिशी 1 लाख 70 हजारात उचला, लिलावाला सगळे ओळखीचेच असतात, तुमचा चेहरा बघूनच त्यांना कळतं की आज हा अजून खाली येणार. तिथे इंडेक्स टू नाही, रिटर्न नाही, सिबिल नाही, फक्त हप्ता चुकला तर गावभर होतं.

आणि फायनान्स मॅनेजमेंट म्हणाल तर ते पण सोपं आहे. तुमच्या पार्टवर मुलामा चढवून देणारा प्लेटिंगवाला बिल घेऊन दारात येईल, त्याला बसवा, पाणी द्या आणि कंपनीवाले तुम्हाला म्हणतात तेच म्हणा, ‘वरून पेमेंट आलं की पहिलं तुझंच.’ त्याच्या पगाराची काळजी नको, तो पण तुमच्याच भिशीत आहे, पुढच्या महिन्यात तो उचलेल 1 लाख 60 ला आणि फरकातला तुमचा वाटा तुम्हाला मिळेल.