युद्धकाळातले स्वस्त गुन्हेपट ‘भरताड’ नव्हते

जुन्या हॉलिवूडचा विषय निघाला की एक मत हमखास पुढे येतं. ते इतक्यांनी इतक्या वेळा पुढे ढकललंय की आता ते तपासून बघायची कुणाला गरजच वाटत नाही. मत असं: दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत निघालेले कमी पैशांचे गुन्हेपट, म्हणजे बी-चित्रपट, हे मुख्य चित्रपटाच्या जोडीला लावायचं भरताड होतं. पैसा नव्हता म्हणून ते दरिद्री दिसतात. कथा साच्यातल्या. त्यात युद्धाचा प्रचार. जे चांगलं होतं ते ‘क्लासिक’ म्हणून टिकलंच आहे, आणि उरलेलं आज आवडीने बघणारे एकतर जुन्याच्या प्रेमात आंधळे झालेत नाहीतर हसायला बसलेत.

मी हे चित्रपट आवडीने बघतो, आणि हसायला बघत नाही. त्यामुळे या मताचा एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी भरताडीचं बघू. व्यवहार साधा होता. 1930च्या दशकातल्या मंदीत प्रेक्षक टिकवायला अमेरिकन थिएटरांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायला सुरुवात केली. पहिला मोठा, नावाजलेल्या नटांचा. त्याच्या गल्ल्यात स्टुडिओचा टक्का असे. दुसरा तासा-सव्वा तासाचा, ठरावीक भाड्यावर दिलेला. तो कितीही चालला तरी भाडं तेवढंच, म्हणून खर्चावर आधीच मर्यादा. एवढं खरं आहे. पण ‘म्हणजे बनवणाऱ्यांना त्याची पर्वा नव्हती’ हा पुढचा निष्कर्ष चुकीचा. घडलं ते उलट. या चित्रपटातून घबाड मिळणार नाही हे ठरलेलं असल्यामुळे, लांबी आणि खर्च पाळला की वरचे साहेब फारसं डोकावत नसत. आरकेओ स्टुडिओने 1942मध्ये व्हॅल ल्यूटन या निर्मात्याकडे एक विभाग सोपवला तेव्हा अटी तीनच होत्या: नाव स्टुडिओ देणार, लांबी 75 मिनिटांच्या आत, खर्च दीड लाख डॉलरच्या आत. बाकी तुम्ही जाणा. लाखो डॉलर पणाला लागलेल्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाला इतकी मोकळीक क्वचितच मिळायची.

फ्रेड झिनेमन, रॉबर्ट वाइज, अँथनी मान, बड बॉटिचर असे पुढे मोठे झालेले दिग्दर्शक याच कामावर तयार झाले, हे नेहमी सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण माझ्या लेखी तो दुय्यम मुद्दा आहे. कुणी पुढे मोठा झाला म्हणून त्याचा आधीचा चित्रपट चांगला ठरत नाही. तो स्वतःच्या बळावर उभा राहायला हवा.

‘पैसा नव्हता म्हणून वाईट दिसतात’ या वाक्याशी माझं खरं भांडण आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

पैसा नव्हता हे मान्य, आणि युद्धात चणचण आणखी वाढली. 1942मध्ये युद्ध उत्पादन मंडळाने सेटसाठी लागणाऱ्या नव्या सामानावर एका चित्रपटाला 5,000 डॉलरची मर्यादा घातली. कच्च्या फिल्मचंही रेशनिंग झालं. आता अशा काळात बनलेल्या ‘द लेपर्ड मॅन’मधला (1943) एक प्रसंग बघा. न्यू मेक्सिकोतलं लहान गाव. एक बिबट्या सुटलाय. संध्याकाळ उलटून गेल्यावर आई मुलीला मक्याचं पीठ आणायला पाठवते. मुलगी घाबरते, नको म्हणते, आई ऐकत नाही. जवळचं दुकान बंद झालेलं, म्हणून तिला कोरड्या ओढ्यापलीकडे, रेल्वेच्या पुलाखालून जावं लागतं. परतताना पुलाखालच्या अंधारात दोन ठिपके चमकतात. वरून एकदम गाडी धडधडत जाते. मुलगी पळत सुटते आणि घराच्या दारावर धडका मारते. आईला वाटतं, ही पुन्हा बहाणे करतेय. मग बाहेरचा आवाज ऐकून तिचा चेहरा उतरतो, ती कडी काढायला धावते, आणि कडी अडकते. धडका सुरू झाल्यापासून आपण घराच्या आतच आहोत. बाहेर काय चाललंय ते फक्त ऐकू येतं. मग आवाज थांबतो, आणि दाराखालच्या फटीतून रक्ताचा ओघळ आत येतो.

यात खर्च कशाचा? एक दार, एक पूल, दोन-तीन नट आणि ध्वनी. दिग्दर्शक जाक टूर्नर याच्या हातात पैसा असता तर कदाचित बिबट्या दाखवावा लागला असता. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी महागड्या भयप्रसंगांपेक्षा हे दार जास्त भिववतं, आणि ते गरिबीतून ‘चुकून’ झालेलं नाही. कुठे कापायचं, किती वेळ आत थांबायचं, कडी नेमकी केव्हा अडकायची, हे सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं आहे.

‘सावल्या काय, सेट लपवायला होत्या’ असंही म्हटलं जातं. मग ‘स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर’चं काय करायचं? तो ऑगस्ट 1940चा. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती, आणि 5,000 डॉलरची मर्यादा यायला दोन वर्षं होती. लांबी 64 मिनिटं. एका वार्ताहराच्या साक्षीवरून एका टॅक्सीचालकाला खुनी ठरवलं जातं, आणि नंतर त्याच वार्ताहराला आपल्या शेजाऱ्याच्या खुनात आपण अडकणार अशी धास्ती बसते. मग त्याला स्वप्न पडतं: तिरक्या गजांच्या अजस्र सावल्या, रिकाम्या भिंती, झोपलेले पंच, आरोळ्या. हे छायालेखक निकोलस मुसुराकाचं काम. छाया-प्रकाशाच्या ज्या शैलीसाठी पुढच्या दशकातल्या मोठ्या चित्रपटांची वाहवा होते, ती या छोट्या चित्रपटात जवळजवळ पूर्ण रूपात हजर आहे. बरेच अभ्यासक याला अमेरिकन ‘फिल्म नुआर’चा, म्हणजे गडद छाया-प्रकाशातल्या निराश वळणाच्या गुन्हेपटांचा, पहिला चित्रपट मानतात. मोठ्यांनी जे नंतर केलं ते भरताडीत आधी झालं असेल, तर ‘भरताड’ हा शब्द कितपत कामाचा राहतो?

आता आपल्या बाजूच्या लोकांनाही एक सांगणं आहे. ‘डीटूर’ (1945) हा पीआरसी या हॉलिवूडमधल्या सगळ्यात कंगाल स्टुडिओंपैकी एकाचा चित्रपट सहा दिवसांत, मूठभर पैशांत झाला, ही दंतकथा आपण चवीने सांगतो. दिग्दर्शक एडगर उल्मर स्वतःही तसंच सांगत असे. पण उपलब्ध कागदपत्रांवरून दिसतं की वेळ आणि पैसा दोन्ही त्याच्या कितीतरी पट लागले. ही दंतकथा सोडून द्यावी, कारण तिने चित्रपटाचं नुकसानच होतं. प्रेक्षक ‘सहा दिवसांच्या मानाने बरा आहे’ म्हणत बघतो. या सवलतीची ‘डीटूर’ला गरज नाही. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नाहीत, तर उल्मर धुकं सोडतो आणि त्यात फक्त रस्त्यांच्या पाट्या दाखवतो. त्या धुक्यातून चालणाऱ्या जोडप्याचं काही खरं नाही हे तिथेच कळतं. एका ठिकाणी निगेटिव्ह उलटं छापल्यामुळे अमेरिकन गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे दिसतं, हेही खरं. पण मग नायक एका मेलेल्या माणसाची गाडी घेऊन निघालेला असताना नटी अ‍ॅन सॅव्हेज त्या गाडीत बसते. काही वेळ डोळे मिटून पडून राहते. आपण आणि चालवणारा दोघेही निवांत होतो, आणि ती ताडकन उठून विचारते, या गाडीच्या मालकाचं प्रेत कुठे टाकलंस? तिथून पुढे स्टिअरिंग कुठल्या बाजूला होतं हे कुणाच्याही लक्षात राहत नाही.

साच्याचा मुद्दा मी थोडक्यात आटपतो, कारण तो अर्धा खरा आहे. मालिकापट ढिगाने निघत. कोलंबिया स्टुडिओने ‘बोस्टन ब्लॅकी’ या सुधारलेल्या चोराचे 14 भाग काढले, युनिव्हर्सलने 1942 ते 1946 या काळात शेरलॉक होम्सचे 12. झुंझार आणि काळा पहाड यांच्या कथा एकामागून एक संपवलेल्या मराठी वाचकाला मालिकेची गोडी वेगळी समजवावी लागू नये. पण साचा असूनही ही मंडळी तो वाकवत होती. ‘द व्हिसलर’ (1944) घ्या. बायको गेल्याच्या दुःखात एक उद्योजक मध्यस्थामार्फत स्वतःच्याच खुनाची सुपारी देतो. मग तार येते की बायको जिवंत आहे, जपान्यांच्या छावणीत होती. सुपारी रद्द करायची, तर मध्यस्थ मेलेला. साठेक मिनिटांत हे सगळं. या मालिकेच्या पहिल्या सात भागांत रिचर्ड डिक्स हाच नट आहे, पण दर वेळी वेगळा माणूस म्हणून, कधी बळी तर कधी खलनायक. त्यामुळे पडद्यावर तो दिसला तरी त्याच्या बाजूने उभं राहायचं की नाही हे आधी कळत नाही. आरकेओच्या ‘फाल्कन’ या गुप्तहेराच्या मालिकेने तर 1942मध्ये नायकालाच मारून त्याच्या भावाकडे मालिका सोपवली, आणि ते दोघे नट, जॉर्ज सँडर्स आणि टॉम कॉनवे, खरोखरचे सख्खे भाऊ होते. एमजीएमच्या ‘किड ग्लव्ह किलर’मध्ये (1942) खुनी कोण हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं, मजा आहे ती प्रयोगशाळेतला रसायनतज्ज्ञ आणि त्याची सहकारी एकेका केसावरून, धाग्यावरून त्याच्यापर्यंत कसे पोचतात यात. झिनेमनचा हा हॉलिवूडमधला पहिला कथापट.

प्रचाराच्या मुद्द्यावर मात्र मला पळवाट काढायची नाही. यातले काही चित्रपट लाजिरवाणे आहेत. फॉक्सचा ‘लिटल टोकियो, यू.एस.ए.’ (1942) लॉस एंजेलिसमधल्या जपानी वंशाच्या लोकांना सरसकट हेर दाखवतो, आणि तो आला त्याच वर्षी सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उचलून छावण्यांत टाकण्यात आलं. त्यातले बहुतेक अमेरिकन नागरिक होते. सरकारच्या स्वतःच्या युद्धमाहिती खात्यालाही हा चित्रपट खटकला होता. तो मी आनंदासाठी बघत नाही आणि कुणाला बघा म्हणणारही नाही. चिनी गुप्तहेर चार्ली चॅनची भूमिका गोरे नट करत, आणि त्याच मालिकेत मँटन मोरलँडसारख्या अफाट टायमिंगच्या कृष्णवर्णीय विनोदी नटाला घाबरट ड्रायव्हर बनून भुताला भ्यायचं काम दिलं जाई. तो पडद्यावर आला की मी त्याची करामत बघतो आणि त्याच वेळी मला राग येतो. दोन्ही खरं आहे.

पण यावरून ‘सगळा प्रचारच’ म्हणणं हे न बघताच बोलणं झालं. याच घाईच्या चित्रपटांत युद्धकाळातलं रोजचं जगणं जसं सापडतं तसं मोठ्यांत सापडत नाही. जपानच्या आक्रमणामुळे मलाया आणि इंडोनेशियातलं रबर मिळणं धोक्यात आल्यावर 1942च्या सुरुवातीला अमेरिकेत टायरचं रेशनिंग झालं, आणि त्याच वर्षी मोनोग्राम या स्वस्त चित्रपटांच्या स्टुडिओने टायरच्या काळ्या बाजारावर ‘रबर रॅकेटियर्स’ काढून मोकळा केला. मोठ्या स्टुडिओच्या मोठ्या चित्रपटाला वीरश्री हवी असते. टायर चोरणाऱ्या भुरट्या टोळीकडे बघायला त्याला सवड नसते. रेशनच्या चिठ्ठ्या, भाड्याच्या खोल्या, रात्रपाळ्या, नवरा कोण आहे हे नीट माहीत नसताना घाईत केलेली लग्नं हे सगळं इथे दिसतं. मोनोग्रामच्याच ‘व्हेन स्ट्रेंजर्स मॅरी’चं (1944) कथानक या शेवटच्या भीतीवरच उभं आहे: नवीन नवरी न्यूयॉर्कला येते आणि तिला कळतं की आपला नवरा कदाचित खुनी आहे. त्यात रॉबर्ट मिचम आहे, तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला.

‘चांगलं ते टिकलंच’ हे विधान मला सगळ्यात जास्त टोचतं, कारण ते ऐकायला समंजस वाटतं. चित्रपट टिकतो तो गुणावर नाही, निगेटिव्ह कुणाकडे आहे यावर. मोठ्या स्टुडिओंकडे कपाटं होती, वकील होते. पीआरसीसारख्या कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे 28 वर्षांनी कॉपीराइटचं नूतनीकरण करावं लागे. ते कुणी केलं नाही की चित्रपट बेवारस. मग कुणीही प्रतीवरून प्रत काढायची. ‘डीटूर’ कित्येक वर्षं लोकांनी असाच पाहिला: करकरणारा आवाज, पिठूळ चित्र, तुटके सांधे. तो 1992मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला, तरी धड प्रत यायला 2018 उजाडावं लागलं. त्या पुनर्निर्मितीला उपयोगी पडलेली चांगली प्रत मिळाली ती बेल्जियमच्या चित्रसंग्रहात, चित्रावरच छापलेल्या फ्रेंच आणि फ्लेमिश उपशीर्षकांसकट. ती अक्षरं संगणकावर एकेक चौकट करून पुसावी लागली. ब्रसेल्समध्ये ती प्रत नसती, तर ‘डीटूर’ दिसायलाही भिकार आहे असं म्हणणारे आजही बरोबर ठरले असते. ज्यांची अशी प्रत कुठल्याच संग्रहात नाही त्यांच्या दर्जाविषयी आपण कशाच्या आधारावर बोलतो?

राहता राहिला हसण्याचा आरोप. हसायला बसणारे असतात, मला ते आवडत नाहीत, आणि त्यांच्यावरून बाकीच्यांना जोखू नये. मला यात जे आवडतं ते सांगायचं तर काटकसर. ‘माय नेम इज ज्युलिया रॉस’ (1945) फक्त 65 मिनिटांचा आहे. लंडनमधली एक बेकार मुलगी खोलीचं भाडं थकवून बसलेली. तिला एका वृद्ध बाईंकडे सेक्रेटरीची नोकरी मिळते, राहायला तिथेच. पहिल्या रात्री ती झोपते आणि जागी होते ती समुद्रकाठच्या एका अनोळखी वाड्यात. उशा-चादरींवर दुसऱ्याच बाईची आद्याक्षरं, आणि घरातला प्रत्येक जण तिला या घरची सून म्हणून हाक मारतोय. दिग्दर्शक जोसेफ एच. लुईस इथपर्यंत पोचायला फार वेळ घेत नाही, आणि पुढे एकही दृश्य नुसतं जागा भरायला ठेवत नाही. ती मुलगी झालेली नीना फॉश खिडकीच्या गजांमागे उभी असते तेव्हा कॅमेरा बाहेरून बघतो, आणि तिची ओरड ऐकू येण्याइतकं जवळ कुणी नाही हे संवादाशिवाय कळतं. आज हीच गोष्ट आठ भागांची मालिका करून सांगतील. कुणाला सुरुवात करायची असेल तर मी याच चित्रपटाने करा म्हणेन, आणि दुसऱ्या रात्री ‘डीटूर’, मात्र 2018चीच प्रत शोधून. फुकट मिळणाऱ्या जुन्या प्रतीवर तो बघू नका.